आईसाठी वेगळा कागद

११ फेब्रुवारी

प्रिय वहिनीसाहेब,

सलाम.

शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर बसून आपण शनिवारी दुपारी कॅनव्हासच्या बुटांना पांढरा रंग लावायचो, ते आज उगीचच डोळ्यांपुढे आलं. तुझे बूट नेहमी आधी व्हायचे. मग तू माझ्या डाव्या बुटाला हात घालायचीस, कारण माझा अर्धा वेळ सिस्टरांची नक्कल करण्यात जायचा. "तोंड बंद, ब्रश चालू," असं म्हणायचीस. रंग वाळेपर्यंत आपण उन्हात पाय पसरून बसायचो आणि कोणाला काही काम नसायचं. तेव्हा तू नुसती माझी मैत्रीण होतीस. दादाशी लग्न करून माझी वहिनी व्हायला, आणि मला "वन्सं" म्हणून चिडवायला, अजून अवकाश होता.

नमनाला घडाभर तेल झालं. नेहमीसारखे दोन कागद पाठवते आहे. निळा आईचा, तो तिच्या कानाशी बसून मोठ्याने वाच. हा पांढरा तुझ्या एकटीचा.

आमच्या तळघराचं मी तुला कधी नीट वर्णन केलं नाही. चर्चच्या खाली एक लांबट खोली आहे. खिडक्या रस्त्याच्या पातळीवर, त्यामुळे बाहेरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. एका टोकाला टेबल टेनिसचं टेबल, दुसऱ्या टोकाला घडीच्या खुर्च्यांचं रिंगण. तरुण पोरंपोरी कामावरून सुटली की येतात, थोडं खेळतात, मग रिंगणात बसून माझ्याशी इंग्रजी बोलतात. शेवटी शुभवर्तमानातला एक उतारा आणि प्रार्थना. मिशनने मला इतक्या लांब परदेशात पाठवलं ते त्या शेवटच्या उताऱ्यासाठी. पोरं येतात ती आधीच्या गप्पांसाठी. मी पुस्तक उघडलं की खुर्च्या मागे सरकतात, आणि कोटाच्या बाह्या घालत पोरं अदबीने निरोप घेतात. तो खुर्च्यांचा आवाज मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. रागवायचं कशाला, कष्टाने थकलेली पोरं ती.

आमची शिकवायची एक पद्धत आहे. ज्याला काही अडचण आहे त्याने रिंगणाच्या मधल्या खुर्चीत बसायचं आणि ती इंग्रजीत सांगायची. बाकीच्यांनी घरमालक, बँकेतला माणूस, डॉक्टर, जो लागेल तो व्हायचं. मधल्या खुर्चीतली गोष्ट खरी आहे की सरावापुरती, हे मात्र कोणी विचारायचं नाही. त्यामुळे पोरं गळक्या नळापासून सुरुवात करतात आणि स्वतःच्या भाषेत जे जिभेवर आलं नसतं ते सांगून बसतात. केस कापायच्या दुकानात काम करणारी एक मुलगी आहे, मी तिला मनात कात्री म्हणते. तिचं ठरलेलं लग्न मोडलं, ते तिने बिघडलेल्या फोनची तक्रार करावी तसं सांगितलं. सामानाची व्हॅन चालवणारा एक जण आहे, तो दुकानदार झाला होता. त्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं, वस्तू बदलून हवी की पैसे परत. हसून पुरेवाट झाली. तीही हसली, आणि मग बराच वेळ नाक पुसत बसली.

गेल्या गुरुवारी त्या खुर्चीत मी बसले. म्हटलं, मी रुग्ण आहे. माझ्या यकृतात गाठी आहेत, त्या फार वाढल्या आहेत, आणि डॉक्टर म्हणतात आता उपाय नाही, थोडे महिने आहेत.

वहिनी, हे खरं आहे. मागच्या महिन्यात कळलं. मराठीत मी ते स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. इंग्रजीत ते शाळेत धडा वाचावा तसं निघालं, कुठे अडखळले नाही. कात्री डॉक्टर झाली होती. तिने पाठ केलेलं वाक्य नीट म्हटलं, "हे ऐकून मला वाईट वाटलं, तुम्हाला पाणी हवं का?" व्हॅनवाला माझा भाऊ झाला. त्याने विचारलं, घरी कोण सांगणार. मला उत्तर सुचेना. पोरांना वाटलं बाईंना आज शब्द आठवत नाहीत, म्हणून त्यांनी मिळून मला दोन-चार शब्द पुरवले.

घरी कोणी सांगायचं नाही, हेच उत्तर आहे. आईने एक मूल पुरलं आहे. दादाला खाली सोडताना तिला धरून तूच उभी होतीस. पुन्हा तिला तसं उभं करू नको, एवढं माझ्यासाठी कर.

तुझी,
वन्सं

---

४ मार्च

बये,

सलाम. तुझं पत्र उघडलं तेव्हा दूध गॅसवर होतं. ते उतू गेलं, पातेलं करपलं, आणि आई आतून विचारत राहिल्या की एवढा वास कसला. मी म्हटलं, माझ्या हुशारीचा.

जन्मभर तू माझ्याआधी बोलत आलीस. आणि हे सांगायची वेळ आली तेव्हा आधी परक्या पोरांना, परक्या भाषेत, खेळातल्यासारखं, आणि मग मला. इंग्रजीचा गळ टाकून माणसं धरायला चालली आहे, असं तुझा दादा तुला चिडवायचा. गळाला तूच लागलीस. आता सोडव आणि घरी ये.

पुढची खोली रिकामी केली आहे. तुझ्या दादाचं टेबल व्हरांड्यात काढलं, खिडकीखाली पलंग टाकला. आईंना मोतीबिंदूमुळे दिसत नसलं तरी सामान हललेलं बरोबर कळतं. गादीला ऊन दाखवते आहे, असं सांगितलं. म्हणाल्या, "गादीला ऊन दाखवायला टेबल कशाला हलवावं लागतं?" मी विषय बदलला. आता विषय बदलण्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

फोन करून उपयोग नाही. आईंना त्यातलं नीट ऐकू येत नाही, आणि तू फोनवर हवेखेरीज काही बोलत नाहीस. पत्रात तरी खरं लिहितेस, निदान पांढऱ्या कागदावर. निळा मी वाचून दाखवला. थंडी ओसरली, पोरं छान बोलायला लागली, चर्चच्या छताला रंग दिला. इतकं खोटं मी आजवर मोठ्याने वाचलं नव्हतं. मध्ये दोनदा खोकल्याचं निमित्त करून थांबले. आणि आई काय म्हणाल्या, ऐक. म्हणाल्या, "या खेपेला पाठदुखीचं रडगाणं नाही. म्हणजे बरी दिसते." समाधानाने पाय पुसून झोपायला गेल्या.

मी ते तुला सांगायला नको होतं, पण सांगते. त्यांना फसवणं अवघड नाही ग. म्हणूनच ते मला करवत नाही.

तिकीट काढलंस की कळव. पोरांना इंग्रजी शिकवायला दुसरी बाई मिळेल.

तुझी,
वहिनी

---

२९ मार्च

वहिनी,

येता येणार नाही. आठ दिवस दवाखान्यात होते. पोटात पाणी साठतं, ते काढावं लागतं. जेवण थोडं जातं, दुखतं त्याला औषध देतात. डॉक्टर चांगला आहे, माझ्या प्रश्नाला लांबण लावत नाही. विमानाचं विचारलं तर मान हलवली आणि खुर्ची माझ्याजवळ ओढून बसला. तेवढ्यावरून कळलं. पलंग तसाच राहू दे, म्हणजे उगाच हलवाहलवी नको. नाहीतर आईला पुन्हा शंका.

दवाखान्यात जायचं झालं ते असं. टेबल टेनिसच्या टेबलाला टेकून उभी होते, तिथेच खाली बसले आणि उठता येईना. व्हॅनवाल्याने मला उचलून खोक्यांच्या मध्ये जागा करून नेलं. दुसऱ्या दिवशी कात्री भेटायला आली. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाई, त्या दिवशीचं सरावाचं होतं ना?" आमच्या रिंगणात हा प्रश्न चालत नाही. मी म्हटलं, नाही. ती माझ्या केसांकडे बघत राहिली, मग पर्समधून कंगवा काढून विंचरायला लागली. तिच्या हातांना तेवढंच येतं.

पुढे काय झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. घरी सोडल्यावर पहिल्या गुरुवारी मी खाली गेले. गप्पा झाल्या, मी पुस्तक उघडलं, आणि खुर्च्या सरकल्याच नाहीत. सगळे बसून राहिले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. कोणी तरी मिशनच्या संचालकांना कळवलं. ते स्वतः आले, मागे उभे राहिले, आणि पोरं गेल्यावर डोळे पुसत म्हणाले, "बाई, पीक कापणीला आलं." मागच्या वर्षी हेच गृहस्थ मला गोड शब्दांत विचारून गेले होते की तळघराचा वीजखर्च कशासाठी करायचा. आता त्यांना मिशनच्या मासिकात पोरांची नावं छापायची आहेत. बाप्तिस्मे कधी, असं विचारत होते.

मी त्यांना काय सांगू? पोरं देवासाठी थांबत नाहीत ग. आजारी बाईचं मन मोडू नये म्हणून थांबतात. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी गुडघे झिजवले ते असं दयेपोटी माझ्या पदरात पडलं, आणि मला ते घेववेना. व्हॅनवाल्याने विचारलं, मी प्रार्थना करू का. मी म्हटलं, तुझा विश्वास आहे? तो म्हणाला, "नाही. पण वाक्यं येतात." मग त्याने केली. लॉजमध्ये खोली मागावी तशा अदबीने त्याने देवाकडे माझ्यासाठी थोडी मुदत मागितली, शक्य असल्यास, गैरसोय होत नसल्यास. याहून स्वच्छ प्रार्थना मी ऐकलेली नाही. आमेन मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.

संचालकांना म्हटलं, मी गेल्यावर पुस्तक उघडून बघा. तेव्हा जो बसून राहील त्याला विचारा.

सोबत निळ्या कागदांचा गठ्ठा आहे. त्यावर तारखा घातलेल्या नाहीत. महिन्याला एक वाच. हवा, पोरं, चर्चची घंटा, सगळं आहे, पाठदुखीसुद्धा. आई आहे तोवर पुरतील. नाही म्हणू नको.

तुझी,
वन्सं

---

२४ एप्रिल

बये,

गठ्ठा मिळाला. व्हरांड्यात बसून सगळे कागद वाचले. पाठदुखी फक्कड जमली आहे. एका कागदात तू आईंना विचारलं आहेस की गुडघ्याला कोणतं तेल लावतेस. त्याचं उत्तर त्या मला लिहायला सांगतील, ते मी कोणत्या पत्त्यावर टाकू?

मी हे वाचणार नाही. तू गेलीस आणि तुझा आवाज माझ्या तोंडून निघत राहिला, तर मी तुझ्यासाठी रडायचं कधी? एका घरात दोघी बायका, एक दुसरीपासून लपून तोंड धुणार, आणि दुसरी लेकीच्या पत्राची वाट बघणार. तुझ्या दादाच्या वेळी आम्ही एकमेकींना धरून उभ्या होतो, हे तूच लिहिलंस. त्यात एकीने दुसरीला सावरलं असं नव्हतं ग. धरायला कोणी होतं, म्हणून दोघी उभ्या राहिलो.

पण मराठीत माझंही तोंड उघडेना, आणि आईंना इंग्रजी येत नाही. शेवटी तुझीच विद्या वापरली. जेवणं झाल्यावर आई स्वयंपाकघरात लसूण सोलत होत्या. मी मध्ये खुर्ची टाकली. म्हटलं, आई, तिकडच्या पोरांचा एक खेळ असतो. मी तुमची लेक व्हायचं, तुम्ही तुम्हीच. म्हणाल्या, "मग माझं काम सोपं आहे."

मी बसले आणि म्हटलं, आई, मी फार आजारी आहे. मी यातून बरी होणार नाही.

त्यांचा हात थांबला नाही. एक पाकळी सोलली, वाटीत टाकली, दुसरी घेतली. मग विचारलं, जवळ कोण आहे. मी कात्रीचं सांगितलं. जेवण जातं का. थोडं जातं. दुखतं का. औषध देतात, त्याने कमी होतं. सगळं तुझ्या पत्रातलं सांगितलं, पदरचं काही घातलं नाही. शेवटी म्हणाल्या, "बरं. आता ऊठ आणि खुर्ची जागेवर ठेव."

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच म्हणाल्या, "ती खुर्ची आण." तेव्हापासून हे रोज चाललं आहे. खुर्चीबाहेर त्या विषय काढू देत नाहीत. शेजारणीने चौकशी केली तर म्हणतात, लेक मजेत आहे. आणि मी खुर्चीत बसले की मला दटावतात, थंडीत पायात मोजे का घालत नाहीस, लहानपणी गोवर आला तेव्हाही पांघरूण लाथाडायचीस. मी तुझा मार खाते आहे म्हण ना.

काल मी उठायला लागले तर त्यांनी हात धरला. म्हणाल्या, "आता लेकीला नाही, सुनेला विचारते. हे सगळं खरं ना?" मी हो म्हटलं. त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं. लसणाचे हात होते, डोळे त्यांचेही झोंबले आणि माझेही. नंतर मला कागद आणायला लावला. पुढचे शब्द त्यांचे आहेत, मी एकही बदललेला नाही.

*बाळे,*

*सून लिहिते आहे, मी सांगते आहे. मला कळू नये म्हणून तू एवढा आटापिटा केलास. मी तुझी आई आहे, पाहुणी नाही. यायला जमत नाही तर नको येऊ. माझ्यापायी प्रवासात हाल करून घेऊ नको.*

*मला एवढं सांग. तिकडची माती कशी आहे, दगडाची की मऊ. तुझ्या उशाशी मराठी येणारं कोणी आहे का. नसलं तर जी पोरं आहेत त्यांना सांगून ठेव, शेवटी मोठ्याने बोलत राहायचं. कान सगळ्यांत मागून जातात. काय बोलले त्याला महत्त्व नाही.*

*इथल्या दफनभूमीत दादाच्या उजवीकडची जागा तुझ्या नावाने धरलेली आहे. डावीकडची सुनेची. पाळकसाहेब मागेच विचारत होते, तू तिकडेच राहिलीस तर तुझ्या जागेचं काय करायचं. मी त्यांना काही सांगितलं नाही. ते तुझ्या तोंडून येऊ दे.*

*मी तुझ्यावर रागावले नाही. थोडी रागावले आहे.*

*आई*

---

१६ मे

प्रिय आई आणि वहिनी,

या खेपेला कागद एकच आहे. वहिनी, सगळा मोठ्याने वाच, काही गाळू नको. अक्षर वाकडं आहे, मध्ये मध्ये थांबून लिहिते आहे.

आई, मी मरते आहे. हे मराठीत लिहून बघितलं. मला वाटलं होतं हात चालणार नाही, पण चालला. तू जवळ नाहीस एवढंच सलतं. बाकी फार दुखू देत नाहीत.

माती मऊ आहे. मी व्हॅनवाल्याला म्हटलं, मला जागा दाखव. त्याने पुढच्या सीटवर उशा लावून नेलं. तारेच्या कुंपणाआड उतार आहे, काळी माती, नुकतीच खणलेली एक जागा होती तिथे एकही दगड दिसला नाही. शेजारी कोणाची तरी आजी आहे. तिच्यावर ताजी फुलं होती, म्हणजे माणसांचा राबता आहे.

मराठी येणारं कोणी नाही. कात्री रोज दुकान बंद करून येते. तुझं म्हणणं तिला सांगितलं. तिने विचारलं, मी काय बोलू, मला प्रार्थना येत नाहीत. मी म्हटलं, दिवसभर कोणाकोणाचे केस कापलेस ते सांग. आणि इंग्रजीत नको, तुझ्या भाषेत सांग, आता सराव करायचा नाही. काल तिने सुरुवात केली. एक म्हातारा येतो, डोक्यावर चार केस, पण कंगवा स्वतःचा आणतो. मला निम्मं कळलं. ऐकायला फार बरं वाटतं, आई. शेजारच्या खोलीत तू आणि वहिनी बोलत असाव्यात तसं.

संचालकांना मी पोरांची नावं दिली नाहीत. त्यांनी तुम्हाला लिहिलं तर तुम्हीही देऊ नका. कोणाला देवाजवळ बसावंसं वाटलं तर त्याचं तो बसेल. नाही वाटलं तरी मला त्यांनी जे दिलं ते देवाने पाहिलं आहे, ते मासिकात छापायची गरज नाही. मी इथे कोणाला पोचवायला आले होते, आणि शेवटी त्यांनीच मला इथवर आणून सोडलं. यात माझं काम झालं की फसलं, ते मला कळत नाही. आता विचारत बसत नाही.

कोणाला काय द्यायचं ते लिहिते. इथलं कात्री आणि व्हॅनवाला बघतील, तरी तुम्हाला माहीत असावं.

तपकिरी कोट कात्रीला. तिला लांब होईल, पण ती बाह्या दुमडते.

इंग्रजी बायबल व्हॅनवाल्याला. वाचायची अट नाही. त्याच्या गाडीची काच खाली घसरते, तिच्यात तो काहीबाही अडकवतो. हे अडकवलं तरी चालेल, असं मी त्याला सांगितलं आहे. तो म्हणाला, हे नाही अडकवणार.

खुर्च्या आणि टेबल मिशनचं आहे, ते तिथेच राहील. बॅट माझ्या पैशांनी आणल्या होत्या, त्या पोरांच्या.

दादाचं टेबल व्हरांड्यातून आत घे, पावसाने फुगेल. माझं शाळेपासूनचं बायबल त्याच्या खालच्या खणात आहे, मराठी. ते वहिनीला. समासात आपण दोघींनी सिस्टरांची चित्रं काढली आहेत, ती पाळकसाहेबांना दाखवू नको.

निळे कागद फाडून टाक. आधी माझ्यासाठी रडून घ्या. दोघींनी एकत्र रडा.

आई, दादाच्या उजवीकडची जागा तुला. बाबांची कबर नोकरीच्या गावीच राहिली. त्यांच्याजवळ जायचं तर आता तिथे जागा नाही, हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस आणि आम्ही कधी विचारलं नाही. कोणाच्या शेजारी जाणार याचा घोर तुझ्या मनात असणारच. आता तू मुलाजवळ जा, आणि त्याच्या पलीकडे सून आहेच. वहिनी, पाळकसाहेबांना हे वाचून दाखव. त्यांना लेखी हवं असेल म्हणून इथेच सही करते आहे. त्या जागेची पायाकडची बाजू खोलगट आहे, दादाच्या वेळी तिथे पाणी साचलं होतं. पावसाआधी माणूस लावून दोन घमेली माती टाकून घे, आणि आईला हात धरून तिथे ने, तिला पायाने चाचपून बघू दे.

तुमची,
लेक आणि वन्सं